पालथी बशी

आमच्या स्टोकमध्ये माणूस जेवायला बसला
की आधी बशी पालथी करून बघतो.
हॉटेलात, लग्नात, पहिल्यांदा सासरी गेला तरी.
तळाशी शिक्का कुणाचा? गावचा की बाहेरचा?
माझी आई तर इस्पितळातही,
सुई टोचलेल्या हाताने.
"बाहेरची गं," म्हणाली,
आणि पुडिंग तसंच ठेवलं.

ती कारखान्यात काठ रंगवायची, डझनावर पैसे.
श्वास रोखून सोन्याची एक रेघ.
चाक फिरतं, ब्रश हलत नाही.
कागदोपत्री तिचं शिक्षण पंधराव्या वर्षी संपलं.

मी शाळेत कला शिकवते,
म्हणजे आता पंधरवड्यातून एक तास.
वरून तक्ता आलाय:
भट्टीची वीज, दर मुलामागे किती पेन्स,
आणि शेजारी रिकामा रकाना,
'मोजता येण्याजोगी निष्पत्ती'.
लिहिलं, टेगनचा मग. खोडलं.
कॉर्बिन महिनाभर वर्गात बोलला नव्हता.
त्याने बेडूक केला, कान असलेला.
"बेडकाला कान नसतात," मागून कुणीतरी.
"याला आहेत," कॉर्बिन म्हणाला.
तेवढंच.
हेही रकान्यात बसेना.

बैठक गुरुवारी. कोल्क्लफ साहेब भले गृहस्थ,
आलेख सुबक काढतात.
मी पाऊण तास बोलले,
बोटांबद्दल, धीराबद्दल,
भट्टीचं दार उघडायच्या सकाळी
मुलं न बोलावता लवकर येतात त्याबद्दल.
पालथ्या घड्यावर पाणी.
मग चहा आला. शेवटचं बिस्किट साहेबांनी उचललं
आणि पुढच्या वर्षीच्या आकड्यांविषयी बोलता बोलता
चुरा तळहातावर झटकून
बशी पालथी केली.

खोलीत कुणीच काही बोललं नाही.
त्यांनी ती हळूच सुलटी ठेवली,
कानांच्या पाळ्या लाल.

इतिवृत्तात याची नोंद नाही.
भट्टी जुलैअखेर बंद, याची आहे.

घरी येऊन कालचे ओटकेक गरम केले,
वर चीज. मुलगा फोनमध्ये डोकं घालून जेवला.
मी आईची बशी धुतली.
तपासणीत नापास झालेली,
म्हणून तर स्वस्तात आमच्या घरी आली.
काठाची सोनेरी रेघ एका जागी जरा जाड आहे.
तिथे तिला शिंक आली असेल,
किंवा पाळी संपल्याचा भोंगा झाला असेल,
किंवा दारातून कुणी हाक मारली असेल.
शाळा सुटल्यावर मी तिकडेच जायचे.