कसि

वडगावात लाइट गेली की माग बंद पडतात
आणि एक शांतता होते, तिच्यात मी झाडाला पाणी घालते.
माझं मशीनही मोटारीचं, तेही थांबतं.
हात मोकळे राहतात.

खासबागच्या रविवारच्या बाजारात घेतलं ते.
रोपवाला म्हणाला, "कसि, अक्का."
मला वाटलं, विचारतोय : कशी?
म्हटलं, "बरी आहे की."
तो हसला. बोटानं खोडावरची गाठ दाखवली.
खाली जंबेरी, वर हे लिंबाचं-नारिंगाचं मिळून झालेलं
कुणीतरी बारकं. कलम केलेलं.
कसि म्हणजे ते.
जोड तिरपी होती, ब्लाउजच्या खांद्याला असते तशी.
माझ्या बोटांच्या ओळखीची.

पहिला पावसाळा रंगाच्या डब्यात काढला.
तळाला भोक एकच, पानं पिवळी पडली.
मग खिळा तापवून सात भोकं पाडली,
लाल मातीत वाळू मिसळली, शेंगेची पेंड मूठभर.
कोवळ्या पानावर चिमणीची शिट म्हणून पुसायला गेले
तर ती वळवळली,
डोक्यातून दोन केशरी शिंगं काढून वास सोडला.
अशा पाच अळ्या काढल्या, धागा कापायच्या कात्रीनं.
सहावी राहू दिली. का, ते माहीत नाही.

दुसऱ्या वर्षी एक फांदी सुसाट निघाली.
सरळ, हिरवीगार, काटे सुईपेक्षा लांब.
मी हरखले. तिलाच ताक, तिलाच पेंड.
भाचीला फोनवर सांगितलं,
"मी झाड लावलो की गं, बघ येऊन."
ती पुण्यात हसते : "आत्या, लावलो नाही, लावलं!"
माहीत आहे मला. दहावीच्या पेपरात लावलंच लिहिलं होतं.
तोंडातून मात्र लावलोच येतं,
आईच्याही यायचं.

निंगव्वानं एकदा कुंपणावरून निरखून बघितलं.
"केळगिंदु तगी," म्हणाली. खालचं काढ.
वाकले. फांदी गाठीच्या खालून फुटलेली.
दोन वर्षं मी जंबेरीला जेवू घालत होते
आणि वरचं ते, चार पानांवर,
पाहुण्यांकडे शिकायला ठेवलेल्या मुलासारखं
मागून न घेता बसलेलं.

कापताना वाईट वाटलं. तिचा काय गुन्हा?
मुळं तर तिचीच.
माझी कात्री कापडाची, तिला ते झेपेना.
निंगव्वाचा विळा आणला.
जखमेवर हळद लावली, अस्तराची चिंधी बांधली.
तोडलेली फांदी टाकवेना, मोरीच्या पाण्याशी खोचली.
ती तिथं जगली, माझ्याकडून काही न घेता.

चौथ्या वर्षी अकरा फळं. सुपारीपेक्षा थोडी मोठी.
एक सोललं, फोड तोंडात टाकली :
कानशिलं आवळून आली. असलं आंबट!
एवढ्यासाठी का चार वर्षं?
साली गोळा करून मोरीत टाकल्या.
सरबत करावं तर रस चमचाभर.

निंगव्वानं सोललंच नाही.
पदराला पुसलं आणि अख्खं तोंडात.
"सिप्पी सिहि ऐती."
साल गोड आहे म्हणे.
साल!

मग मीही तसंच खाल्लं.
आधी साल, जरा तेलकट, जरा कडवट, मग खरंच गोड,
आणि तेवढ्यात आतलं फुटतं.
दोन्ही एकाच घासात चावावं लागतं.
सोललं की दोन्ही वाया.

निंगव्वा एक डोळा मिटून चघळत होती.
मी विचारलं, "कशी?"
"हूं," ती म्हणाली, "कसि."
बी हातावर काढली, उलटसुलट बघितली,
टाकली नाही, कनवटीला लावली.

लाइट आली.
पहिला माग कोपऱ्यावरच्या घरातला, मग सगळे.