टाकीतला जुना माल

पूर्वी अडावदच्या पंपावर पत्र्याचे आकडे होते,
खिळ्याला टांगायचे.
रात्री बाराला फोन यायचा,
मी स्टुलावर, लोटन बॅटरी धरून खाली.
तिनाच्या जागी चार लावला की
कोणीतरी म्हणायचंच, 'चढवला का अजून एक?'
जसा काही मीच चढवत होतो.

आता सकाळी सहाला आकडा आपोआप बदलतो.
मी तेव्हा घनता मोजत असतो :
काचेच्या नळीत तेल, तेलात तरंगती कांडी,
सातपुड्याकडून गार वारा.
मागे वळून बघतो तर भाव झालेला असतो.

एका उन्हाळ्यात कच्चं तेल पडलं.
पेपरात रोज पडत होतं,
पिंपाचं चित्र अन् खाली जाणारी लाल रेघ.
दिल्लीची केळी भरून आलेला हिलाल कोळी
केबिनमधूनच ओरडला,
"दुन्यामा तेल उतरनं म्हने, आठे काबर नही?"

केळीचा भाव सावद्याला सकाळी पडला
तर दुपारी आमच्या बांधावर पडलेला असतो.
वाटेत थांबायची त्याला सवय नाही.

मालकांनी गल्ल्यातून मान न काढता सांगितलं,
टाकीतला माल जुन्या भावाचा आहे, भाऊ.

खरं होतं.
मीच पट्टी सोडली होती टाकीत,
दीड मीटरवर ओली.
पानेवाडीचा टँकर आदल्या बुधवारचा,
भावही बुधवारचा.
हिलाल म्हणाला, दोनशे लिटर भर.
शून्य बघून घे, म्हटलं मी, सवयीनं.

पण त्याआधी,
कुठल्याशा समुद्रात जहाज अडलं
अन् पहाटे एकदम सत्तर पैसे लागले,
त्या दिवशीही मी पट्टी सोडली होती.
त्या दिवशीही दीड मीटर.
जुनाच माल, जमिनीखाली गपगार,
त्याला काहीच कळलेलं नव्हतं.
त्या दिवशी कोणी त्याचं वय विचारलं नाही.

माझी बहीण तापीकाठी दिलेली.
ती सांगते, पाणी एका रात्रीत चढतं.
उतरताना मात्र
घराघरात बसून जातं.

मग उतरला भाव. सात पैसे.
दुसऱ्या दिवशी काही नाही.
तिसऱ्या दिवशीही नाही.
बाकीचा वाटेतच उतरला म्हणे, कराच्या नाक्यावर,
आम्ही काही त्याला पाहिलं नाही.

परतीच्या खेपेला हिलालनं
पावतीवर बोट ठेवून हिशेब केला :
दोनशे लिटरला चौदा रुपये वाचले.
चल, चहा पाजतो.

वेणूबाईच्या टपरीवर दोन चहाचे वीस झाले.
वरचे सहा त्यानं खिशातून घातले.
मागच्या चढात आठाचा दहा झाला होता चहा,
डिझेल वाढलं, दूधवाला वाढला, म्हणून.
आम्ही दोघांनी पाटीकडे पाहिलं.
वेणूबाईनंही पाहिलं, अन् गाळणी झटकली.

खडूनं लिहिलेला होता तो आकडा.
ओल्या बोटानं पुसला असता.