बहात्तर तास

शिवाजीनगरला, कॉलेजच्या मागच्या इमारतीत
सत्तावीस अंशांची एक खोली आहे.
बाहेर डिसेंबर असो की मे, आत सत्तावीस.
तिथे मी अळ्या वाढवते.

हिरवी बोंडअळी. एका खान्यात एकच;
दोघी ठेवल्या तर सकाळी एक उरते, आणि ती जाडी असते.
खायला बेसन, यीस्ट, अगर.
ज्योत्स्ना टिळेकर नवीन होती तेव्हा दारातूनच म्हणाली,
पिठलं कुणी टाकलंय?

ही चाळिसावी पिढी.
हिची मूळ बाई अकोल्याहून आली,
एसटीने, इंगवल्यांच्या मांडीवर, बुटाच्या खोक्यात.
तेव्हापासून या कुळात कुणी पऱ्हाटी पाहिलेली नाही.
पतंग झाले की मधाच्या पाण्यात भिजवलेला बोळा देतो,
तेवढाच काय तो कापूस.

आज चार ट्रे.
अ. ब. अ आणि ब एकत्र. आणि नुसतं पाणी.
बहात्तर तासांनी ब्रशचं टोक पाठीला लावायचं.
हलली तर जिवंत.
नाही तर वहीत रेघ.

एकट्या अ-ने तिसांतल्या नऊ. एकट्या ब-ने आठ.
दोघांनी मिळून सव्वीस.
नऊ न् आठ सतरा, हे मला दुसरीपासून येतं.
वरच्या नऊ कुठून आल्या ते पारसनीस सर इंग्रजीत सांगतात;
मला कळलं ते इतकंच, की एक दार धरून उभं राहतं
आणि दुसरं आत शिरतं.
क आणि ड-चं मात्र मागे उलटं झालं होतं.
एकत्र आले आणि एकट्याइतकंही जमेना,
माझ्या दोन मामांच्या दुकानासारखं.

मध्येच फोन. बाभुळगावहून रेवती मडावी:
एका पंपात दोन औषधं चालतात का, मॅडम?
ती औषध म्हणते.
माझ्यासमोरच्या बाटलीवर लाल त्रिकोण.
म्हटलं, लेबलवर लिहिलं नसेल तर मिसळू नकोस.
आणि आधी वीस झाडं मोज.
मोजली, म्हणाली. पुन्हा मोजते.

पाण्याच्या ट्रेमध्येही दोन मेल्यात.
त्यांना कुणी काही केलं नव्हतं.
यालाही सूत्र आहे: आपल्या आपण गेलेल्या वजा करायच्या,
उरेल ते विषाचं.

वजा करण्याआधी दोघींना परत ब्रश लावला.
एक हलली.

खोडलेल्या रेघेशेजारी सही करावी लागते.
केली.
बेसन संपत आलंय.