हनुवटीला चावी

दांडिया बाजार सोडून आम्ही कारेलीबागेत आलो
तेव्हा गाडीला जागा मिळाली ती पार फाटकाशी,
कडुलिंबाखाली, तिसऱ्या मजल्यावरून तिरपी दिसणारी.
रोज रात्री साडेदहाला हे बाल्कनीत जात
आणि लॉक असलेली गाडी पुन्हा लॉक करत.
ट्युंक.
तळमजल्याच्या वीणाबेन त्या आवाजावर दूध विरजतात,
म्हणजे असं त्या म्हणतात.

नवरात्राच्या आधी चावी दमली.
दोनदा दाबावं लागे, मग पाचदा,
मग भरूचच्या भाच्यानं फोनवर सांगितलं,
मामा, हनुवटीला टेकवा आणि दाबा,
डोक्यात पाणी असतं, ते अँटेनाचं काम करतं.
यांच्या डोक्यात पाणी आहे हे मी एकतीस वर्षं सांगतेय,
कुणी ऐकलं नव्हतं.

आणि खरंच,
ट्युंक.

मग रोज रात्री हा माणूस
बनियनवर, न्हाव्यापुढे बसल्यासारखी मान वर करून,
चावी हनुवटीखाली धरून उभा.
खालून पंकिल विचारी, काका, दाढ दुखे छे?
हे हातानंच नाही म्हणत, चावी काढत नसत,
कधी कधी बराच वेळ थांबावं लागे.
मीही ओल्या हातांनी बाहेर यायची.
दोघं गाडीकडे बघत.
फाटकाचा दिवा, एखादं कुत्रं,
आणि हनुवटी दाबलेली म्हणून अर्ध्या शब्दांत
यांच्या गोष्टी : मकरपुऱ्याच्या कारखान्यातला कुणी देढिया,
तो संप, बोनसऐवजी मिळालेल्या बादल्या.
मी कधी न ऐकलेल्या.
किंवा ऐकल्या असतील, कुकरच्या शिट्टीत.

सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, आठशे.
रावपुऱ्यातला घड्याळवाला म्हणाला, साठ,
आणि वर बजावलं,
घरात लहान मूल असेल तर जुनी उघडी ठेवू नका, बेन.

रविवारी दुपारी टेबलावर पांढरा टॉवेल पसरला.
बाजूची कळ दाबली तशी प्लास्टिकच्या पोटातून
खरीखुरी, पात्याची चावी निघाली.
चार वर्षं गाडी आहे. आम्हाला माहीत नव्हतं.
तिच्या जागी एक चीर.
हे स्क्रूड्रायव्हर शोधायला गेले
(तो सापडणार नाही हे दोघांनाही ठाऊक),
तोवर मी लोण्याच्या सुरीला फडकं गुंडाळून
हलकेच पिळली.
टक.
रबराची बटणं एकाच पापुद्र्यात सुटून आली,
आत हिरवी पट्टी, कडेला खिशातला भुसा,
मधोमध ती, जुन्या चाराण्याएवढी.
टूथपिकनं उचकटली.
ना डाग, ना गंज, ना सूज.
संपलेली आणि भरलेली शेजारी ठेवली तर
कुठली कोणती, सांगता येईना.
मी घाईनं नवीवर वाटी पालथी घातली.

अधिक वर की खाली, यावर भांडलो.
यांनी बसवली. काही नाही.
मी उलटी केली.
एक लाल ठिणगी,
आणि भर दुपारी, तीन मजले खाली, कडुलिंबाखालून
ट्युंक.
वीणाबेनचा फोन : अत्यारे दहीं?

आता सोफ्यावरून लागते.
पंख्याखाली, बातम्या बघत, नुसत्या अंगठ्यानं.
साडेदहाला बाल्कनीचं दार उघडत नाही.
मी दोन रात्री तिथे हात पुसत उभी राहिले.
आत यांनी बटण दाबलं,
ते माझ्या पाठीतून, माझ्यातल्या पाण्यातून गेलं असणार,
खाली गाडीनं ओ दिली.

जुनी बॅटरी टाकलेली नाही.
दोन्ही अंगांना चिकटपट्टी लावून
शिवणाच्या डब्यात आहे, वरच्या कप्प्यात.
अधिक कुठल्या बाजूला असतं ते आता मला कळतं.

देढियाचं पुढे काय झालं, ते राहिलंय.