गचक्यांचा हिशेब

दलानझादगाद मागे पडलं की रस्ता असा नसतोच.
नुसत्या चाकोऱ्या, एकीला एक खेटून आठ-दहा;
ज्याला जी कमी वाईट वाटेल ती त्यानं धरावी.
चाकांनीच पाडलेल्या चुण्या,
धुणं घासायच्या फळीसारख्या,
त्यांवरून गोम्बोसुरेनचा ट्रक, मागे पिठाची पोती,
आणि माझे दात एकमेकांवर.

लॅपटॉप मांडीवर दाबून मी मोजत होते
दर गचक्याला किती वॅट शॉक-ॲब्सॉर्बरच्या तेलात विरतात.
एवढं सगळं, मी म्हटलं, नुसतं तापून जातं. वाया.
तो हसला नाही.
बावीस वर्षं हाच रस्ता माझ्या मणक्यात जातोय, म्हणाला,
तिथलं काही परत निघतं का बघ.

महिन्याभरात जुनी नळकांडी काढली, नवी बसवली.
चाक उसळलं की तेल ढकललं जातं,
तेलानं बोटाएवढी चक्की फिरते,
चक्कीतून तार, तारेतून बॅटरी.
केबिनमध्ये एक काटा,
खड्डा आला की ताडकन उठून उभा.
पुढे त्याची बायको ओयुंगेरेल फोनवर तक्रार करायची:
नवऱ्याला खड्ड्यांचा लोभ सुटलाय,
चांगली वाट सोडून वाईट धरतो.

डिसेंबर. उणे एकतीस.
गाडी थांबली तसा तो सवयीनं उतरला,
हातमोजा दातांनी ओढला,
मागच्या चाकाशी वाकून नळकांड्यावर तळवा टेकला
आणि झटकन मागे घेतला. कातडी चिकटली होती.

थंड आहे, म्हणाला.

थंडच हवं! मी जवळजवळ ओरडले,
तेच तर जमलंय आपल्याला.
तो तळव्याकडे बघत राहिला.

माझ्या तक्त्यात जुन्या नळकांड्याचे साठ अंश होते,
'तोटा' लिहिलेल्या रकान्यात.
बावीस हिवाळे त्या रकान्यावर
एक माणूस बोटं शेकत होता,
हे मोजायला माझ्याकडे यंत्र नव्हतं.

मग त्यानं बॅटरीवर किटली लावली.
वेळ लागला. दूध, मीठ, चहा.
पहिली पळी, त्यांच्यात पद्धतच आहे,
त्यानं बाहेर जाऊन हवेत शिंपडली.
थेंब चाकोरीत पडले, क्षणभर वाफ दिसली.

वाटी दोन्ही हातांत धरून मी बसले आहे.
ती एक पळी कुठल्या रकान्यात लिहायची
ते अजून ठरलेलं नाही.