नेलपॉलिशच्या खुणा

नवापुऱ्यात रात्री अडीचला
शेवटची रिक्षा गेली की आम्ही सुरू करतो.
पंखा बंद. फ्रिजची पिन काढलेली.
भिंतीवरचं घड्याळ इंगळेकाकांनी गोधडीत गुंडाळून
स्वयंपाकघरात नेऊन निजवलंय.
मे महिना. बडोद्याचा.

सिंथेसायझर तासभर आधी चालू करून ठेवावा लागतो.
थंडा असला की खोटं बोलतो, काका म्हणतात.
चौऱ्याऐंशीत मस्कतहून आला, कुणाच्या तरी मेहुण्याबरोबर,
साड्यांच्या घड्यांखाली.
विचारलं तर इस्त्रीचं टेबल आहे म्हणायचं ठरलं होतं.
कुणी विचारलंच नाही,
याचं काकांना अजून थोडं वाईट वाटतं.

एकोणपन्नास पट्ट्या.
जोरात दाबा, हळू दाबा, आवाज तेवढाच,
बोटांचा राग याला कळत नाही.
एका वेळी चारच सूर. पाचवा दाबला
की पहिला निमूट उठून जागा देतो.
आणि हे चौघे सख्खे भाऊ, तरी एकसारखे नाहीत,
तिसरा नेहमी किंचित चढा.
म्हणून प्रत्येक पट्टी चार वेळा,
दर वेळी वेगळ्या भावाच्या तोंडून.
काका पट्टी दाबतात, मी काटा बघते.
सूर विझून खाली नुसती वीज गुणगुणत राहते,
तीही उतरवून घ्यायची.
तोवर दोघांनी श्वास घ्यायचा नाही.

याला आठवण नाही.
बंद केला की सगळं विसरतो,
कुठली खुंटी कुठवर पिळली होती ते.
म्हणून काकूंनी प्रत्येक खुंटीभोवती
नेलपॉलिशचे ठिपके लावून दिलेत.
लाल: गरब्याची शरणाई.
मोतिया: लग्नातली बासरी, वरमाला पडेपर्यंत.
जांभळा: बीन. वरातीत दोनशे रुपये जास्त.
मी लाल ते लाल खुंट्या लावत जाते
आणि खोलीत एकदम
पोलो ग्राउंडवरची धूळ उठते.

चौथ्या रात्री टॉर्च मारला तेव्हा
एक हिरवा ठिपका दिसला.
पुसट. बाकीच्या खुंट्यांवरही होता, शोधल्यावर.
सगळ्या हिरव्यावर आणल्या.

सूर नाही.
नुसती हवा. लांब कुणी वाळू चाळत असावं तशी.
खालची पट्टी, वरची पट्टी, तीच हवा.

हे काय, काका?
काकांनी टॉवेलनं मान पुसली.
कामाचं नाही ते. पुढे चला.

आतल्या खोलीतून, अंधारातून, काकू:
अरे ते पाणी!

टेक वाया गेला. काट्यानं उडी मारली.
मी थांबवायचं विसरले.

नऊ रात्री, रोज चार तास मी एकटी गायची,
काकू पडल्या पडल्याच सांगत होत्या,
घसा सुकून पापड व्हायचा.
मी ग्लास उचलला की हे हिरव्यावर जायचे.
गोल थांबायचा नाही.
लोकांना वाटायचं, आता काहीतरी येतंय.
काय येतंय? मी पाणी पितेय!

काका काही बोलले नाहीत.
पट्टीवरची धूळ अंगठ्यानं काढली,
जी तिथे नव्हती.

एक पट्टी पुरेल, मी म्हटलं, सगळ्या सारख्याच आहेत.
सारख्या कशा?
एकदा दोन घोट घ्यायची, एकदा अर्धा ग्लास.
एकदा तर ठसका लागला होता, भरूचला,
किती वेळ धरून बसलो होतो.

मग एकोणपन्नास. प्रत्येक चार वेळा.
दूधवाल्याची सायकल येईपर्यंत.

फ्रिज पुन्हा थरथरून सुरू झाला.
काकांनी घड्याळ गोधडीतून काढलं,
ते आपलं चालूच होतं.
बंगळूरच्या कंपनीच्या यादीत मी एक ओळ वाढवली.
नाव: पाणी.

आठवड्यानं उलट निरोप आला.
ऐकलं. थेंब कुठे ऐकू येत नाहीत.

मी कळवलं,
नाहीतच.