कवळी

इल्दिकोचा व्हिसा आला नाही.
बुडापेस्टची ही बाई आमच्या शाळेत गणित शिकवते.
वर्षभर पैसे साठवून एप्रिलमधला तो एक आठवडा
तिनं चीनसाठी राखला होता.
स्टाफरूममध्ये पेपरांचा गठ्ठा बांधत होती,
गाठ पुन्हापुन्हा सुटत होती.
चहा फुंकता फुंकता मी बोलून गेले :
अगं, थोडा चीन आमच्या माझगावातही आहे. चल.

आणि फसले.
पन्नास वर्षं त्या गल्लीच्या तोंडाशी राहून
मी तो जिना कधी चढले नव्हते.

सोमवारी चढलो.
वर लाल दार, आपल्याहून कडसर उदबत्ती,
तांबड्या चेहऱ्याचा दाढीवाला देव,
पुढ्यात संत्री आणि ग्लुकोज बिस्किटांचा पुडा.
बांबूचं नळकांडं हलवायचं, एक काडी पडेपर्यंत.
इल्दिकोची पडली सत्तावीस नंबरची.
सत्ताविसाव्या कागदावर काय लिहिलंय
ते सांगायला कुणी नव्हतं.
किल्ली सांभाळणारा संगमेश्वरचा,
म्हणाला, "चांगलाच असतला ओ. देवळात वायट कोण लिवील?"
तिनं तेही वहीत उतरवलं.

मग तिला केस कापायचे झाले,
म्हणजे मेलिनबाईंना गाठायचं होतं.
कात्री चालवता चालवता त्या म्हणाल्या,
"उद्या घरी या, पीठ मळून ठेवते."
खिम्याच्या पुऱ्यांना मुरड घालायची.
इल्दिकोची उकलली. माझी टिकली.
"करंजीवाला हात आहे तुमचा," बाई हसल्या,
आणि हसताना दिसली भिंतीवरची ती पाटी,
दवाखाना बंद झाल्यावर घरात आणून ठेवलेली :
रंगवलेला गुलाबी जबडा. खाली, डॉ. वान.

हात पिठातच राहिला माझा.

दादांची कवळी यांनी केलेली.
त्या कवळीनं दादा ऊस खायचे.
त्याही आधीची गोष्ट आई सांगायची, दादा नसताना :
बासष्टनंतर दोन वर्षं दादा
त्या पाटीखालून गेले नाहीत, फुटपाथ बदलायचे.
ओळख असून. रोजचा नमस्कार असून.
मग एका रात्री दाढ सुजली
आणि तोंड पदरात झाकून न्यावं तसं
पंचात गुंडाळून त्यांनी दार वाजवलं.
डॉक्टर त्याच संध्याकाळी चौकीत हजेरी लावून आलेले.
काही विचारलं नाही. म्हणाले, "आ करा."

हे मी मेलिनबाईंना सांगितलं नाही.
इल्दिकोला इंग्रजीत सांगायला गेले
तर "फुटपाथ बदलला" हे फारच साधं वाटलं.

शुक्रवारी अँटॉप हिल.
पितरांच्या थडग्यांची झाडलोट करायचा त्यांचा दिवस.
ऊन असं की दगडाला हात लावता येईना.
मेलिनबाईंनी भात वाढला, उकडलेली कोंबडी,
दारूचे तीन इवलेसे पेले,
आणि परलोकातल्या बँकेच्या नोटा जाळल्या, गड्डीच्या गड्डी.
"वर महागाई असणार ना."
इल्दिको पेन्सिल थांबवून राख बघत राहिली.
तिची आई कुठल्या गावात पुरलीय
ते तिनं मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

मी तारेचा ब्रश घेतला.
डॉक्टरांच्या नावाची ती उभी अक्षरं,
मला एकही वाचता येत नाही,
त्यांच्या खाचांमधली शेवाळ, माती, मुंग्या
काढत बसले. बराच वेळ. पुरे म्हणाल्या तरी.

भिंतीवरचा कावळा उतरला, भात उचलला.
"शिवला!" मी ओरडलेच.
इल्दिकोनं विचारलं, म्हणजे काय?
मेलिनबाईंनीच उत्तर दिलं, माझ्या आधी, माझगावच्या मराठीत :
"म्हणजे गेलेल्याची काय तक्रार नाय."

सोमवारी शाळेत कुणीतरी विचारलं, कसा होता चीन?
इल्दिको म्हणाली, ऊन फार.